एक्केचाळीस दाणे

परवा रात्री साडेबाराला भाच्याचा मेसेज आला. 'मामा, जागा आहेस? एक विचारायचंय. आईला सांगू नकोस.' आमच्या घराण्यात या बोलण्याचे दोनच अर्थ होतात, पैसे किंवा मुलगी. मी चष्मा शोधला, पलंगाच्या कडेवर बसलो आणि दोन्हींची मनातल्या मनात तयारी केली. तिकडून तो बराच वेळ काहीतरी टाइप करत होता, पुसत होता, पुन्हा टाइप करत होता. बावीस वर्षांचा नोकरदार मुलगा, आणि शेवटी आलं ते एवढंच: 'खाली काहीतरी आलंय. बारीक बारीक. ओळीनं.'

ते 'ओळीनं' वाचलं आणि मी एकदम एकोणीस वर्षांचा झालो. १९९६ साल, पुण्यातलं होस्टेल, आतून कडी नीट न लागणारी मोरी. त्या रात्री भाच्याला जे सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं, कारण बायको शेजारी झोपली होती आणि मला मोबाइलवर मोठं काही लिहिता येत नाही. उरलेलं इथे लिहितो. त्याची परवानगी घेतली आहे. गावाचं नाव घालायचं नाही एवढीच त्याची अट.

१. माणूस स्वतःचं अंग फार उशिरा बघतो. आमच्या गावच्या घरात न्हाणीघर म्हणजे चुलीमागचा काळोख. तांब्यानं पाणी घ्यायचं, टॉवेल गुंडाळायचा, बाहेर यायचं. एकोणीस वर्षांत मी स्वतःकडे उजेडात नीट पाहिलंच नव्हतं. होस्टेलच्या मोरीत मात्र पूर्वेला एक झडप होती आणि सकाळी सातला तिच्यातून ऊन थेट आत यायचं. त्या उन्हात मला ते पहिल्यांदा दिसले. शिश्नाच्या टोकाची जी गोल कड असते तिच्यावर मोहरीएवढे लहान, फिकट पांढुरके दाणे. एकाला लागून एक, कुणीतरी मन लावून पेरल्यासारखे. दुखत नव्हते, खाजत नव्हते. ते किती दिवसांपासून तिथे होते हे सांगायला मी काही साक्षीदार नव्हतो. कदाचित चार वर्षं असतील. पण माझ्या लेखी ते त्याच सकाळी आले होते, आणि सकाळी आलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वाढणारच, असा माझा हिशेब होता.

२. मोजायला लागलं की रोग तयार होतो. मी दर रविवारी दाणे मोजायचो. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि आकडा. पहिल्या रविवारी ४१. पुढच्या रविवारी ४४. त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या रविवारी ३८ आले, तेव्हा मेसमध्ये चार पोळ्या जास्त खाल्ल्या. वाढीचा दर काढायला मी आलेखसुद्धा काढला होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. दीड-दोन मिलिमीटरचे दाणे वाकून, घाईघाईनं, दारावर थापा पडत असताना मोजले तर तीन-चारची चूक होणारच, हे प्रयोगशाळेत 'मोजमापातील त्रुटी' शिकणाऱ्या मुलाला सुचलं नाही. ड्रॉइंगच्या सरांनी एकदा वही चाळताना विचारलं, "हे काय रे?" मी म्हटलं, "क्रिकेटचे स्कोअर." सर म्हणाले, "फारच स्थिर खेळतोस."

३. आपल्याकडे त्या भागाला शब्द तीनच. एक लहानपणीचा, जो आई अंघोळ घालताना वापरते. एक शिवीतला. आणि एक भिंतीवरचा: 'गुप्तरोग'. चौथा शब्द मला ठाऊक नव्हता. गालावर आलं तर पुटकुळी, मानेवर आलं तर चामखीळ, पाठीवर आलं तर पुरळ, पण तेच कमरेखाली आलं की सरळ गुप्तरोग. लोकलच्या डब्यात, मुतारीच्या भिंतीवर, एसटी स्टँडच्या मागे सगळीकडे त्या शब्दाचे कागद डकवलेले. गंमत म्हणजे अशा आजारांवर हमखास इलाजाच्या जाहिराती करायला या देशात १९५४ पासून कायद्यानं बंदी आहे. म्हणजे माझं त्या विषयातलं सगळं शिक्षण बेकायदेशीर होतं.

नंतर कधीतरी र. धों. कर्व्यांविषयी वाचताना मला स्वतःचीच थोडी कीव आली. या गृहस्थांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, मुंबईतून 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. लोक पत्रानं असलेच प्रश्न विचारायचे आणि ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांपायीच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर लढले, तरी कर्व्यांना दंड झालाच. माझ्या पणजोबांच्या वयाच्या कुणीतरी माणसानं तेव्हा पोस्टकार्ड लिहिण्याचं धाडस केलं असेल. मी साठ वर्षांनी, पुण्यात, विद्यार्थी असून, शेजारच्या खाटेवरच्या मित्राला विचारू शकलो नाही.

४. पाप केलेलं नसलं तरी मन ते शोधून काढतं. नव्वदच्या दशकात एड्सची भीती हवेतच होती. दूरदर्शनवर, कॉलेजच्या फलकावर, एसटीच्या पाठीवर. मी तर तोवर कुठल्याही मुलीचा हातही धरला नव्हता. एका मुलीनं एकदा माझ्याकडून ड्राफ्टर नेला होता, एवढाच काय तो संबंध. तरी मी गुन्ह्याचा तपास लावलाच. स्वारगेटची मुतारी? खोलीतल्या मित्राचा टॉवेल? दिवाळीच्या सुट्टीत चुलतभावाबरोबर विहिरीत पोहलो ते? आणि शेवटी, अर्थातच, हस्तमैथुन. त्याच्यावर सगळं खापर फोडून मी ते बंद करायची शपथ घेतली आणि शपथ अकरा दिवस टिकली. दाणे होते तसेच राहिले. शपथ घेतल्याचंही त्यांना काही नाही आणि मोडल्याचंही नाही.

वयात आल्यावर ते आपोआप येतात, कुणाकडून लागत नाहीत आणि कुणाला देता येत नाहीत, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी सुटकेआधी मला थोडा रागच आला. इतका पश्चात्ताप फुकट गेला!

५. आजार नसेल तर तो उपचारानं आणता येतो. हे मी प्रयोगानं सिद्ध केलं आहे.

पहिलं मलम घरातलं, भाजण्यापासून भेगांपर्यंत सगळ्याला चालणारं. त्यानं थंड वाटलं, बाकी काही नाही. दुसरा प्रयोग फोडण्याचा. एका दाण्याला नखात धरून मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबलं. आत पू नाही, तेल नाही, काहीच नाही. पुढे कळलं की आत असतो तो तंतुमय घट्ट मांसाचा कण आणि त्यातून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या. पिळून काढण्यासारखं त्यात काही नसतंच. एके काळी जाणकारांनाही त्या स्राव सोडणाऱ्या ग्रंथी वाटल्या होत्या. तेव्हा मी चुकलो ते बऱ्या संगतीत चुकलो.

तिसरा प्रयोग होता होता राहिला. आमच्या आजीकडे चामखिळीवर चुना आणि खायचा सोडा लावायची रीत होती. मी पानपट्टीवरून चुन्याची पुडी आणलीसुद्धा. हातावर एक ठिपका लावून पाहिला, तिथे जे भाजलं त्याची खूण अजून डाव्या मनगटापाशी आहे. ती पाहिली की मी आजही देवाचे आभार मानतो, आणि मी काही फारसा देवभोळा नाही.

चौथा प्रयोग मात्र पार पडला. औषधाच्या दुकानात जाऊन मी म्हटलं, "जांघेत खाज येते, काही आहे का?" खाज नव्हती, पण तो प्रतिष्ठित आजार होता, निदान तोंडानं सांगता येत होता. दुकानदारानं न विचारता एक ट्यूब दिली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टेरॉइड, तिन्ही एकत्र. मी ती सढळ हातानं, आजूबाजूलाही, दीड महिना लावली. दाण्यांना काही झालं नाही. वृषणाची कातडी मात्र लालबुंद झाली, पातळ झाली, घाम आला की तिखट लागल्यासारखी जळायची. ट्यूब थांबवली की जास्त जळायची म्हणून पुन्हा लावायचो. मग जांघेत खरोखरचा नायटा उठला, चांगला रुपयाएवढा. दुकानदाराला सांगितलेलं खोटं अखेर खरं झालं.

तिथली कातडी फार पातळ आणि शोषून घेणारी असते. १९६७ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी मोजून दाखवलं होतं की हायड्रोकॉर्टिसोन कोपराखालच्या हातावर लावलं तर जितकं आत शिरतं त्याच्या ४२ पट वृषणाच्या कातडीतून शिरतं. मी ज्या साली ट्यूब फासत होतो त्याच्या तीस वर्षं आधीची ही माहिती. आपल्याकडे अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची व्हायला २०१८ उजाडलं, आणि सक्ती झाली म्हणून दुकानातला हात थांबला असं मला काही दिसत नाही. अजून कुणी गल्ल्यावर हळू आवाजात 'जांघेसाठी काहीतरी' मागताना दिसला की माझा जीव तुटतो. दोनदा तर मी मध्ये बोललोही. एकानं आभार मानले, दुसऱ्यानं 'तुम्हाला कुणी विचारलं?' असं विचारलं. त्याचंही बरोबर होतं.

६. जो बघत नाही तो बरा करतो म्हणाला तर उठून यावं. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर दर गुरुवारी 'वैद्यराज' बसायचे. त्यांनी माझी नाडी धरली, डोळ्यांत पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मला काय झालंय ते सांगितलं: धातू पातळ, नसांत कमजोरी, संसार कठीण. दाणे त्यांनी पाहिलेच नाहीत, आणि मीही 'जरा बघता का' म्हणालो नाही. न बघता झालेलं निदान मला सोयीचं वाटलं. २१ दिवसांचा कोर्स, नऊशे रुपये, ते मी परीक्षा फीच्या नावाखाली घरून मागवले. अण्णा, माझे वडील, प्राथमिक शिक्षक. मनीऑर्डरच्या फॉर्मवर तेव्हा खाली दोन ओळी लिहायला जागा असायची, तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'तब्येतीस जप.' तो कागद मी बरेच दिवस फाडू शकलो नाही.

७. पुस्तकात फक्त आजारी माणसांचे फोटो असतात. एका मेडिकलच्या मित्राच्या खोलीत त्वचारोगांचा चित्रसंग्रह होता. तो अंघोळीला गेला की मी ते प्रकरण उघडायचो. फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या चामखिळी, खोल व्रण, फुटलेले फोड. माझ्यासारखा साधा, निरोगी, दाणेदार माणूस त्यात कुठेच नव्हता. असणार कसा? निरोगी माणसाचा फोटो काढायला कोण जातं? मी मात्र एकेका चित्राजवळ स्वतःला नेऊन पाहायचो, आणि जुळत नसलं की 'ही आपली पहिली पायरी असेल' असं म्हणून पान मिटायचो. भाच्याच्या हातात मोबाइल आहे, त्यानंही हेच केलं होतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत चित्रांची संख्या वाढली, चित्रं तीच.

८. डॉक्टरांकडे जाणं आणि डॉक्टरांना सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरीला मुंबईत आलो, १९९९ साल. लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा मात्र धाबं दणाणलं. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत केसपेपर काढायला उभा राहिलो. दारावर पाटी, 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. खिडकीतल्या कारकुनानं मागच्या तीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "केस गळतात."

मग काय, डॉक्टरीणबाईंनी माझं डोकं तपासलं. मन लावून तपासलं. दोन-चार केस ओढून पाहिले, घरात कुणाला टक्कल आहे का विचारलं, गोळ्या लिहून दिल्या, महिन्यानं बोलावलं. मी महिन्यानं गेलो. "केस कसे आहेत?" "बरे आहेत." पुन्हा घरी. तिसऱ्या खेपेला बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बघा, तुमचे केस माझ्यापेक्षा दाट आहेत. इथे रोज दहा-बारा जण केस गळतात म्हणून येतात. पडदा ओढा आणि दाखवा काय ते."

तीन वर्षं, नऊशे रुपये, एक भाजलेलं मनगट. बाईंनी दिव्याखाली पाहिलं ते फार तर दहा सेकंद. म्हणाल्या, "अहो, हे तर मोती." आणि हात धुवायला गेल्या.

हातांना साबण लावता लावता त्यांनी जे सांगितलं ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येतं. वैद्यकात याचं नावच मोत्यांवरून आहे, मोत्यासारखे दाणे. कडेवर एक किंवा दोन ओळींत, सगळे साधारण एका मापाचे, मऊ. आजार नाही, अस्वच्छता नाही, संसर्ग नाही, चामखिळीच्या विषाणूशी नातं नाही. मुलं व्हायला किंवा कशालाच अडचण नाही. वीस-पंचविशीत जास्त दिसतात, वय वाढेल तसे विरळ होतात. ज्यांची सुंता झालेली असते त्यांच्यात कमी आढळतात. आणि संख्या? वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांत शंभरात चौदापासून अठ्ठेचाळीस पुरुषांपर्यंत. म्हणजे होस्टेलच्या आमच्या मजल्यावर साठ पोरं होती, त्यातली निदान आठ-नऊ तरी माझ्यासारखीच त्या मोरीत, त्याच उन्हात, कडी धरून उभी राहिली असतील. आम्ही सगळे एकमेकांना 'लवकर आटप रे' म्हणून ओरडत होतो.

फ्रान्समधल्या लित्र आणि इटलीतल्या मॉर्गान्यी या शरीरशास्त्रज्ञांनी ते १७०० साली नोंदवून ठेवले होते, हे मी पुढे वाचलं. तेव्हा छत्रपती राजाराम महाराज नुकतेच सिंहगडावर वारले होते आणि ताराबाईंनी कारभार हाती घेतला होता. इतकी जुनी बातमी माझ्यापर्यंत पोचायला तीनशे वर्षांना एकच वर्ष कमी पडलं.

९. कळलं तरी वळत नाही. निरुपद्रवी आहे असं ऐकल्यावर मी पहिला प्रश्न काय विचारला? "काढता येतील का?" बाईंनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "लेझरनं येतात. पण कानाची पाळी कधी काढलीत का?" आता मी त्यांना कसं सांगणार की पाळीची मला कधी लाज वाटली नव्हती.

१०. एकदा भीती गेली की बाकीचं सगळं दिसायला लागतं. त्याच भेटीत मी शिश्नाच्या दांड्यावरचे बारीक पिवळट ठिपकेही दाखवून घेतले, कातडी ताणली की जास्त दिसणारे. बाई म्हणाल्या, "घरी जाऊन आरशात वरच्या ओठाची आतली कड बघा." पाहिलं तर तिथेही तेच! केसाशिवाय वाढलेल्या तेलग्रंथी, बस्स. फोर्डाइस नावाच्या अमेरिकन त्वचातज्ज्ञानं १८९६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्याच साली त्यानं वृषणावरच्या जांभळट-लाल ठिपक्यांचंही वर्णन केलं. ते फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असतात, पन्नाशीनंतर जास्त दिसतात आणि घासले गेले तर थोडं रक्त येतं. परवा माझ्याही अंगावर असे दोन सापडले. यावेळी मी वही काढली नाही. वृषणाच्या मधोमध जी शिवणीसारखी रेघ असते ती जन्माची असते, आणि वस्तरा फिरवल्यावर केसांच्या मुळाशी येणाऱ्या पुळ्या बहुधा वस्तऱ्याच्याच. फोर्डाइससाहेबाला एकाच वर्षात एवढं पाहायला मिळालं याचा मला हेवा वाटतो. आमच्याकडे कारकुनाच्या खिडकीतच माणूस परत फिरतो.

११. एका दाण्याच्या अनुभवावर दुसऱ्याला धीर देऊ नये. या लेखातलं हे कलम मला सगळ्यात जड जातंय. बाईंकडून आलो तो मी तज्ज्ञ होऊनच. दोन-तीन वर्षांनी ऑफिसातल्या एका मित्रानं चहाच्या टपरीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, तशीच काहीतरी सुरुवात केली. मी त्याचं वाक्य पुरंही होऊ दिलं नाही. "अरे, मोती! काही नसतं. दुखतं का? नाही ना? मग झालं." त्याचा चेहरा उजळला. मलाही फार उदार वाटलं, चहाचे पैसे मीच दिले.

त्याचे मोती नव्हते, चामखिळी होत्या. एचपीव्हीच्या सहा आणि अकरा क्रमांकाच्या विषाणूंनी होणाऱ्या. कडेच्या ओळीत बसलेल्या नाहीत, दांड्यावर, वेगवेगळ्या मापाच्या, खडबडीत, आणि महिन्या-महिन्याला वाढणाऱ्या. तो पाच महिन्यांनी डॉक्टरांकडे गेला तोवर बायकोलाही झाल्या होत्या. दोघं बरे झाले, पण घरात जे बोलणं व्हायचं ते झालंच. तो मला काही म्हणाला नाही. फक्त त्यानंतर टपरीवर आमची वेळ जुळेनाशी झाली.

माझं 'दुखतं का?' हेच मुळात खोटं माप होतं. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा पहिला व्रण दुखतच नाही, म्हणून तर माणूस तो सोडून देतो आणि रोग आत जातो. मधोमध खळी असलेले गुळगुळीत गोल दाणे एका वेगळ्या विषाणूचे असतात आणि तेही फारसे दुखत नाहीत. रात्री खाज सुटणाऱ्या पुळ्या, त्याही बोटांच्या बेचक्यांत आणि घरातल्या इतरांनाही, म्हणजे बहुधा खरूज, आणि औषध घरादारानं एकाच दिवशी लावायचं. पाण्याचे दुखरे फोड, फुटलेली जागा, स्राव, जांघेतल्या गाठी, नव्यानं आलेलं आणि वाढत जाणारं काहीही हे डॉक्टरांनीच बघायचं. सरकारी रुग्णालयांत त्यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' नावाची वेगळी खोली असते. माझ्या वेळी ती पाटी असती तर केस गळण्याचं नाटक वाचलं असतं का? मला खात्री नाही. मी बहुधा तिथेही दात दुखतो म्हणून सांगितलं असतं.

१२. बायकोला सांगायला मी लग्नानंतर सहा वर्षं घेतली. बाहेर पाऊस, लाइट गेलेले, लेक झोपलेली. मी होस्टेलपासून वैद्यराजांपर्यंत सगळी कथा सांगितली. तिनं शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे ते सगळ्यांना नसतं?" माझी एवढी मोठी शोकांतिका, आणि तिला वाटत होतं की पुरुष असाच असतो. मग तिनं सांगितलं की तिलाही विशीत तसंच काही दिसलं होतं. बायकांतही त्याचा एक प्रकार असतो, तितकाच निरुपद्रवी. ती आईजवळ बोलली, आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली, पाच मिनिटांत विषय संपला. मी विचारलं, "तुला लाज नाही वाटली?" "वाटली की. पण भीती जास्त वाटली." आमच्या घरात हा क्रम उलटा होता.

१३. अण्णांना मी कधीच विचारलं नाही. ते गेल्यावर त्यांची ट्रंक आवरताना तळाशी एका जुन्या ट्यूबची रिकामी, गुंडाळत आणलेली पुंगळी सापडली. लेबल पुसलेलं. कसलीही असेल ती, गुडघ्यांचीही असेल. मी ती बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

तर भाच्याला त्या रात्री मी काय सांगितलं? तो म्हणाला, 'फोटो पाठवू का?' मी दोन्ही हातांनी टाइप केलं, 'नको रे बाबा!!' टपरीवरचा मित्र डोळ्यांसमोर होता, म्हणून 'मोती' हा शब्दही गिळला. एवढंच लिहिलं की बहुतेक काही नसेल, पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, शनिवारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, खिडकीवर काय होतंय विचारलं तर 'डॉक्टरांनाच सांगतो' म्हण, आणि तोवर काहीही, अगदी खोबरेल तेलही, लावू नकोस. मग माझी वहीची गोष्ट सांगितली. तो हसत असावा, कारण बऱ्याच वेळानं नुसतीच हसरी तोंडं आली.

शनिवारी दुपारी मी जेवत होतो तेव्हा मोबाइल वाजला. 'मामा, मोतीच. दहा सेकंदही नाही लागले.' मी 'छान' लिहिलं. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

'तुझे किती होते म्हणालास?'

'४१.'

'माझे ५३.'